मागाला फूल दिसत नाही

सुरतच्या दक्षिण अंगाला, उधन्याच्या पुढे, पांडेसरा औद्योगिक वसाहतीला खेटून बमरोली आहे. २००१ च्या जनगणनेत स्वतंत्र नगर म्हणून मोजलेली ही वस्ती आज महापालिकेच्या हद्दीत आहे. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग उधन्याला मिळतो आणि त्याच रुळांवरून खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्यातल्या मागांवर कामाला आली. इथे यंत्रमागाला संचा म्हणतात. कापडात फूल उठवणाऱ्या जॅकार्ड संचाची गंमत अशी, की त्याला फूल दिसत नाही. जुन्या पद्धतीत त्याच्यापुढून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकते. भोक आलं की सुई आत जाते आणि त्या हुकाचे ताणे उचलले जातात. भोक नसेल तिथे ताणे खालीच राहतात. आता पुठ्ठ्याच्या जागी संगणकाची फाइल आली, पण नियम तोच राहिला. डोळ्याला फूल दिसतं, मागाला फक्त खुणा कळतात. दृष्टिहीन माणसाला पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर याच जातीचं यंत्र आहे. तो अक्षराचा आकार पाहत नाही, आकारामागचा क्रमांक वाचतो. त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सुधारणांची लांबलचक यादी येते आणि त्याचा इतिहासही अशा याद्यांमधूनच सांगितला जातो. मराठीपुरता मात्र हा इतिहास वेगळा आहे. मराठी वाचणाऱ्या अंध माणसाचं सर्वांत जास्त भलं झालं ते स्क्रीन रीडर सुधारला तेव्हा नव्हे, मराठी मजकूर सुधारला तेव्हा. बमरोलीसारख्या तीन-चार भाषांच्या वस्तीत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुण्या-मुंबईत दिसत नाही.

रूढ इतिहास थोडक्यात असा. डॉसच्या काळात पडदा म्हणजे पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरं. प्रत्येक अक्षराचा क्रमांक संगणकाच्या स्मृतीत तयारच असायचा, तो उचलून बोलून दाखवणं फार अवघड नव्हतं. ऐंशीच्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी असा प्रोग्राम केला. त्याचं नाव स्क्रीन रीडर, आणि पुढे तेच नाव या साऱ्या जातीला चिकटलं. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज आणलं. मग विंडोज आलं, पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपक्यांची चित्रं उमटू लागली आणि अंध माणसाच्या हातातला संगणक मुका होण्याची वेळ आली. चित्र काढण्याचे हुकूम मधल्यामध्ये पकडून त्यांतून अक्षरं परत जुळवण्याची क्लृप्ती वापरून स्क्रीन रीडर कसेबसे तगले. जॉजची किंमत जवळपास हजार डॉलर, म्हणजे ते बहुधा संस्थांनाच परवडायचं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने मोफत वापरता येईल असा एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स तेह हा तसाच दृष्टिहीन मित्र त्याला मिळाला, आणि किंमत हा अडथळा उरला नाही. इथवर सगळं खरं आहे. पण या गोष्टीत मराठी कुठेच नाही. ती शोधायला संगणकाच्या आधी जावं लागतं, बोटांनी वाचायच्या लिपीकडे.

अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. पण शाळा आल्या म्हणून लिपी एक झाली नाही. गुजरातचे डॉ. नीलकंठराय छत्रपती, स्वतः दृष्टिहीन, यांनी बसवलेली ब्रेल वेगळी, कलकत्त्याच्या लालबिहारी शाहांची वेगळी, मिशनऱ्यांची आणखी वेगळी. एका शाळेत शिकलेलं बोट दुसऱ्या शाळेच्या पुस्तकावर अडखळायचं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि त्या वेळी एक फार शहाणपणाचा निर्णय झाला: सगळ्या भारतीय भाषांत एका ध्वनीला एकच खूण. मराठी क आणि गुजराती क कागदावर वेगळे दिसतात, बोटाखाली मात्र पहिला आणि तिसरा असे तेच दोन ठिपके लागतात. ‘हि’ लिहिताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी ह, मग इकार, म्हणजे जिभेवरचा क्रम. बमरोलीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. मराठी ब्रेल शिकलेल्या बोटाला गुजराती ब्रेल परकी राहत नाही, भाषा कळत असली की पुरे. डोळस माणसाला मात्र रस्त्यापलीकडची गुजराती पाटी वाचायला नवी लिपी शिकावी लागते. अंधांना डोळसांपेक्षा सोपं पडावं, असं या देशात क्वचितच काही घडलंय.

हेच शहाणपण पुढे काही काळ संगणकातही होतं, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढलेलं काम इस्की या संकेतप्रणालीपाशी पोचलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. भारती ब्रेलसारखंच इस्कीतही साऱ्या भारतीय लिप्यांतल्या क चा क्रमांक एकच होता, आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जात होती. पण त्याच सुमारास डीटीपीची दुकानं गल्लोगल्ली निघाली आणि त्यांना घाई होती. त्यांच्यासाठी जे फॉन्ट आले त्यांनी सोपा मार्ग धरला: इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि त्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवायचे. कृतिदेव हे त्याचं सर्वांत पसरलेलं उदाहरण. त्यात ‘मराठी’ हा शब्द टंकला की कागदावर सुंदर ‘मराठी’ उमटतं. फाइलमध्ये मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात. छापील कागदापुरतं हे निर्धोक होतं, कारण कागदावर फक्त आकार जातो. स्क्रीन रीडर मात्र फाइल वाचतो आणि तो इमानदारीने ‘ई जे के बी एच’ म्हणतो. ‘हि’ मधली वेलांटीही या फॉन्टांत आधीच टंकायची, कारण ती आधी दिसते. म्हणजे उच्चाराचा क्रमसुद्धा गेला. शिवाय प्रत्येक फॉन्टची जुळणी निराळी. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली तर डोळसालाही कचरा दिसायचा. नव्वदच्या दशकात आणि पुढेही कित्येक वर्षं सरकारी पत्रकं, पाठ्यपुस्तकं, दैनिकांची संकेतस्थळं, मराठी नाटकांच्या संहिता सगळं याच मार्गाने गेलं. मराठीत इतका मजकूर यापूर्वी कधीही टंकला गेला नव्हता, आणि त्यातला फारच थोडा यंत्राच्या लेखी मराठी होता. या काळात जगातला सर्वोत्तम, सर्वांत महाग स्क्रीन रीडर बमरोलीत आणून ठेवला असता तरी त्याने मराठी वाचली नसती. पुठ्ठ्यांवर भोकंच दुसऱ्या नक्षीची होती.

युनिकोड या नव्या संकेतप्रणालीने यातून बाहेर काढलं. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे; फरक इतकाच, की प्रत्येक लिपीला स्वतःचा वेगळा पट्टा मिळाला. विंडोज २००० पासून मराठी सामान्य संगणकावर युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली. पण ‘येऊ लागली’ आणि ‘लिहिली गेली’ यांत एका दशकाचं अंतर आहे. महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमालेचं प्रमाणीकरण करणारा निर्णय काढला तो नोव्हेंबर २००९ मध्ये, आणि डीटीपीवाले आजही कृतिदेव सोडायला तयार नाहीत. त्यांच्याकडेही कारण आहे: बोटांना ती कळपट्टी बसलेली, जुन्या फाइली त्यातच, आणि गिऱ्हाईक कागद मागतं, फाइल नाही. आवाजाचं काम त्यामानाने निमूटपणे झालं. जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या छोट्याशा, मोफत प्रोग्राममध्ये मराठीची भर पडली. एनव्हीडीए तोच आवाज सोबत घेऊन येतो. रमेश हरिहरन यांनी सुरू केलेल्या आणि संतोष तोट्टिंगल यांनी पुढे नेलेल्या ध्वनी या मुक्त प्रोग्राममध्येही मराठी होती. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज केले, त्यांतही मराठी आली. ईस्पीकचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि नवख्याला तो ऐकवत नाही. पण सरावलेला वाचक वेग इतका वाढवतो, की शेजारच्याला त्यातलं अक्षर कळत नाही, आणि त्या वेगात माणसासारखे गोड आवाज गढुळतात, डब्यातला आवाज मात्र स्पष्ट राहतो. गोडवा ही डोळसांना दिसणारी सुधारणा आहे. वापरणाऱ्याची मागणी बहुधा वेगळी असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि सुरतेत तो जास्तच रास्त वाटतो: इथल्या मराठी माणसाला हिंदी येतेच, हिंदीचा आवाज कधीचा उपलब्ध आहे, लिपीही तीच, मग मराठी आवाजाचा हट्ट कशाला? याचं उत्तर एका शब्दात देता येतं, आणि तो शब्द ‘ज्ञान’. मराठी माणूस त्याला ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्यान’, गुजराती ‘ग्नान’. बमरोलीच्या एका रस्त्यावर तिन्ही ऐकू येतील. गुजरातीची लिपी वेगळी असल्यामुळे यंत्राला क्रमांकावरूनच भाषा कळते आणि ते आवाज बदलू शकतं. हिंदी आणि मराठी मात्र एकाच पट्ट्यात बसतात. मजकुरासोबत भाषेची खूण जोडलेली नसेल तर यंत्राला दोन्हींतला फरक सांगणारं कोणी नाही, आणि अशी खूण जोडण्याचे कष्ट फार थोडी संकेतस्थळं घेतात. हिंदी आवाजाला चमच्यातला आणि चाकातला दंत्य च माहीत नाही, ‘माझा’ मधला झ माहीत नाही. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे, हे त्याच्या गावीही नाही. सर्वांत वाईट म्हणजे ‘केलं’, ‘झालं’, ‘सगळं’ यांवरचं टिंब. मराठीत तिथे फक्त लांबवलेला अ आहे. हिंदी आवाज तो नाकात घालतो. हा लेख हिंदी आवाजात ऐकणाऱ्याला बऱ्याच वाक्यांत सर्दी झालेला माणूस भेटेल. समजतं का? समजतं. पण शंभर पानांचं पुस्तक असं ऐकणं म्हणजे उलट्या बाजूने कापड पाहून नक्षी ओळखणं. अभ्यास करणाऱ्याला ते रोज करायला सांगणं हा न्याय नव्हे.

अहिराणीची गोष्ट आणखी पुढची. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत बोलली जाते ती प्रमाण मराठी नाहीच. जनगणना अहिराणीला पोटात घेणारी खानदेशी ही स्वतंत्र भाषा धरते आणि २०११ मध्ये ती मातृभाषा सांगणारे अठरा लाखांवर होते. तिला स्वतःचा आवाज नाही. मराठी आवाज ‘काय शे’ हे शब्द ठीक म्हणतो, ठेका चुकतो. तरीही अहिराणी कविता किंवा निरोप युनिकोडमध्ये लिहिला असेल तर तो आज, काही नवं न करता, ऐकता येतो. आवाज चांगला नसूनही मजकूर नीट असला की वाट निघते. याच्या उलट कधी घडत नाही.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. अंध विद्यार्थ्याला बँकेत, दूरध्वनी केंद्रात, कार्यालयात नोकरी मिळाली ती इंग्रजी जॉजच्या जोरावर, मराठीच्या नव्हे. मग मराठीचा प्रश्न हौसेचा नाही का? नोकऱ्यांबद्दलचं निरीक्षण खोटं नाही, पण ते अर्धं आहे. इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधी शाळा असते. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, आणि त्या मुलांची पुस्तकं पुण्याच्या बालभारतीची नसतात. गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, गांधीनगरची असतात. त्यामुळे महाराष्ट्रात बालभारतीच्या पुस्तकांचं ब्रेल किंवा ध्वनिमुद्रण झालं तरी ते या मुलाच्या दप्तरातल्या पुस्तकाशी जुळत नाही, आणि गुजरातेत असं काम होतं ते साहजिकच आधी गुजरातीत. मराठी माध्यमाचं पुस्तक जर नीट युनिकोड फाइल म्हणून मिळालं तर ब्रेलही निघते, आवाजही निघतो, मोठा ठसाही निघतो. कायदा आता आडवा येत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांगांसाठी वाचनयोग्य प्रती करायला मोकळीक मिळाली. २०१४ मध्ये अशाच प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणाऱ्यांत भारत सर्वांत पहिला देश होता. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे अशा प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अडतं ते छापखान्यातल्या फाइलीवर.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि सगळ्यांत भक्कम. आता यंत्र चित्रातलं अक्षर ओळखतं. टेसरॅक्ट हा ओळखक २००५ पासून सर्वांना खुला आहे, त्याला मराठी येते. एनव्हीडीएने २०१७ मध्ये विंडोजमधली अक्षर-ओळख जोडून घेतली. जॉज आता छायाचित्राचं वर्णन करून सांगतो. फोनचा कॅमेरा कागदावर धरला की तो बोलतो. मग फाइल युनिकोडमध्ये असो, कृतिदेवमध्ये असो, की नुसता फोटो, फरक काय? हे मान्य केलं पाहिजे, की कृतिदेवच्या जुन्या ढिगाऱ्यासाठी हा उपाय उत्तम आहे: फाइल वाचण्याऐवजी तिचं चित्र करून ओळखावं, म्हणजे निदान मराठी तरी निघते. माझ्या युक्तिवादाला या सुधारणेने जितका धक्का दिलाय तितका दुसऱ्या कशानेही नाही. पण ओळखणं म्हणजे अंदाज करणं. घ आणि ध, भ आणि म, जोडाक्षरातली अर्धी दांडी, पुसट फोटोतला रफार इथे यंत्र चुकतं, आणि चुकलं तरी तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं. डोळस माणूस चूक डोळ्यांनी पडताळतो. ऐकणाऱ्याकडे पडताळायला दुसरं काही नसतं. कवितेत एक अक्षर चुकलं तर चालेल. परीक्षेच्या तारखेत, औषधाच्या मात्रेत, पगाराच्या कागदातल्या आकड्यात चालत नाही. ज्या मजकुराचा टंकलेला मूळ शेजारच्या दुकानात पडलेला आहे, त्याचा आधी फोटो करायचा आणि मग त्या फोटोतून यंत्राला अक्षरं ओळखायला लावायची, हा द्राविडी प्राणायाम प्रगती म्हणून मिरवण्यात काय अर्थ?

अर्थात युनिकोड आलं म्हणून सारं नीटनेटकं झालं, असंही नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ, मग एक अदृश्य जोडखूण, मग चंद्र असं लिहीत, आणि आजही लिहितात. ‘दुसऱ्या’ मधला र दोन-तीन प्रकारांनी साठवता येतो. पडद्यावर सगळे सारखे. स्क्रीन रीडरवर एकेक अक्षर ऐकत शुद्धलेखन तपासणाऱ्याला मात्र एका ठिकाणी एक अक्षर ऐकू येतं, दुसऱ्या ठिकाणी तीन, आणि एका प्रकारे लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडेलच असं नाही. एनव्हीडीएच्या २०२४ च्या एका आवृत्तीत वेगवेगळ्या संकेतांनी लिहिलेलं एकच अक्षर एकरूप करून वाचायची सोय आली. ती खरोखर उपयोगी आहे: सलग ऱ आणि र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ आता एक होतात. पण युनिकोड ज्यांना मुळात समान मानत नाही अशी रूपं ही सोय एक करू शकत नाही, आणि ‘ॲ’ ची दोन रूपं त्यांतच मोडतात. इथे पुन्हा तेच: यंत्राने आपल्या परीने शक्य होतं ते केलं, उरलेलं टंकणाऱ्याच्या हातात आहे.

बमरोली-उधना पट्ट्यात मराठी मजकूर सर्वांत जास्त फिरतो तो पुस्तकांतून नव्हे. लग्नपत्रिका, गणेश मंडळाची वर्गणी आणि कार्यक्रम, शाळेची सूचना, दहाव्याचा निरोप यांतून. हे सगळं हल्ली व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून येतं, आणि स्क्रीन रीडर त्यावर बहुधा एकच शब्द बोलतो: ‘फोटो’. पत्रिका टंकणाऱ्याला विनंती इतकीच, की चित्रासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये, साध्या ओळींत, खाली चिकटवावा. कृतिदेवमध्ये टंकला असेल तर रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत. पत्रिकेला एक मिनिट लागतं.